नाटकास का जावे?

एका वर्षी कापडबाजारातील एका पार्टीने आमची मोठी उधारी बुडविली. भिवंडीत अशी वार्ता मागांच्या खडखडाटातूनही सर्वांना ऐकू जाते. म्हणून वडील पेढीवर नेहमीच्याच प्रसन्न मुद्रेने बसत. दलाल, सूतवाले, नोकर यांच्यादेखत खचून कसे चालेल? घरीही ते काही बोलत नसत.

नाटक म्हणजे द्रव्याचा अपव्यय, असे मानणाऱ्या त्याच वडिलांनी एका रविवारी आम्हांस कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात नेले. चोविहारामुळे दुपारचाच प्रयोग. नाटक विनोदी, सामान्यच म्हणावे असे. पण दुसऱ्या अंकात नायकाच्या दारी सावकार आला आणि वडील डोळ्यांत पाणी येईतो हसले. ते पाणी हसण्याचेच होते का, हे आईने विचारले नाही.

लोक करमणुकीसाठी जातात, हे उत्तर मला अपुरे वाटते. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. तो केवळ विष्णुपंत पागनीसांच्या भक्तिभावामुळे? पोरांच्या भुकेने कावलेली, पतीवर करवादणारी गौरींची आवलीही प्रेक्षकांना घरचीच वाटली असेल. तुकोबाही दुकानदारच, दुष्काळात दिवाळे निघालेले. आपलीच अडचण तेथे दुसऱ्याच्या खाती मांडलेली दिसते, आणि तीही अंधारात, जेथे शेजारच्या खुर्चीवरील व्यापारी आपला चेहरा वाचू शकत नाही.

परतताना दुर्गाडीच्या पुलावर वडिलांनी प्रथमच आईला आकडा सांगितला.