वरून लालसर, आतून कच्चं

गेल्या जयंतीच्या दिवसांतली गोष्ट. आई हाउसकीपिंगला, वडील सिक्युरिटीच्या ड्युटीवर. जयंतीला सगळ्यांनाच सुट्टी मिळते असं नाही. घरी चौदा वर्षांची मुलगी, दोन भाऊ आणि गावाहून आलेला मामाचा मुलगा. मुलीने नाक्यावरच्या दुकानातून फ्रोझन नगेट्सचं पाकीट आणलं, तेल कडकडीत तापवलं आणि अर्धं पाकीट एकदम कढईत सोडलं. दोन मिनिटांत तुकडे झक्क लालसर झाले. पोरांनी सॉस लावून खाल्ले आणि मिरवणुकीत नाचायला गेली. दुसऱ्या रात्री तिघांना ताप, पोटात मुरडा, जुलाब. सर्वांत धाकट्याला सलाईन लावावं लागलं.

ते त्या पाकिटामुळेच झालं का, हे कोणी तपासलं नाही. वस्तीतल्या जुलाबाची तपासणी कोण करतं? पण मुलीला आम्ही विचारलं, तेव्हा ती रडत एवढंच म्हणाली, "मी नीट तळलं होतं, लाल होईपर्यंत." ती खोटं बोलत नव्हती. आपण सगळे असंच तळतो.

नगेट्स, पॉपकॉर्न, पॅटी यांत बहुतेक वेळा चिकनचा खिमा दाबून आकार दिलेला असतो. त्याला पिठाचं बॅटर, वर ब्रेडचा चुरा. चुरा चिकटून राहावा म्हणून कारखान्यात तुकडा थोडा वेळ तेलातून काढतात आणि गोठवतात. काही कंपन्या तो आतपर्यंत शिजवूनच विकतात, काही नाही. दोन्ही पाकिटांतले तुकडे दिसायला मात्र सारखे, सोनेरी. तो रंग चुऱ्याचा आहे, चिकनचा नाही. शिवाय अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कोंबडीतून येणारे नेहमीचे दोन जंतू. गोठवल्याने ते सगळे मरत नाहीत, शिजवल्यानेच मरतात.

याला फक्त वस्तीतली पोरंच फसतात असं नाही. कॅनडात लोक असेच कच्चे तुकडे शिजलेले समजून नुसते गरम करून खात होते आणि आजारी पडत होते. शेवटी तिथल्या सरकारने 1 एप्रिल 2019 पासून कंपन्यांनाच बांधून घेतलं, की अशा मालात साल्मोनेला तपासणीत सापडणार नाही इतका कमी करूनच तो बाजारात आणायचा.

चिकन खाऊ नका, असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मनात आरोग्यापेक्षा दुसरंच काही असतं. चिकन आपल्या पोरांच्या वाढीला हवंच. आपल्या आज्या-मावश्यांना तर रस्सा उकळताना नुसत्या वासावरून कळतं, मांस हाडापासून सुटलं की नाही ते. पण या तुकड्यात हाड नाही, रस्सा नाही, आणि वर चुऱ्याचा सदरा घातलेला. जुन्या हाताची ओळख इथे चालत नाही. म्हणून आमचं सांगणं एवढंच: पाकिटावर "फुल्ली कुक्ड" किंवा "रेडी टू ईट" असं स्वच्छ लिहिलेलं नसेल, तर ते कच्चं चिकन समजा. "रेडी टू कुक" म्हणजे शिजवायला तयार, खायला नव्हे. "पार फ्राइड" म्हणजे अर्धवट तळलेलं.

कच्चं समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. तुकडे धुवायचे नाहीत. मोरीत धुतलं की शिंतोडे शेजारच्या हंड्यावर, कोथिंबिरीवर उडतात. पाकिटातून ओट्यावर सांडलेला चुराही कच्चाच, तो पुसून घ्यायचा आणि हात साबणाने धुवायचे. कच्चे तुकडे ज्या ताटात काढले, त्यातच तळलेले परत ठेवायचे नाहीत. ही चूक आम्हीही केलेली आहे, भांडी कमी आणि पोरं घाईला आलेली असली की होतेच.

खरी मेख तळण्यात आहे. गोठलेले पंधरा तुकडे एकदम टाकले की तेल थंड पडतं. मग आपण गॅस मोठा करतो, वरचा चुरा काळपट होतो आणि मधे गारठा तसाच. मध्यम आचेवर, एका वेळी चार-पाचच तुकडे, पाकिटावर लिहिली असेल तितकी पूर्ण मिनिटं. गॅस महाग झाला म्हणून ही मिनिटं वाचवू नका. मग सगळ्यांत जाड तुकडा मधोमध कापून बघा. वाफ आली पाहिजे, आत गुलाबी किंवा बुळबुळीत काही दिसता कामा नये. तरी रंगावर शंभर टक्के भरवसा नको. आतली उष्णता 74 अंश सेल्सिअसला पोचली की जंतू मरतात, आणि ते मोजायचा सुईसारखा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. प्रत्येक घराने घ्यावा असं आम्ही म्हणणार नाही. पण संध्याकाळी चिकनची गाडी लावणाऱ्या आपल्या बहिणींनी जरूर घ्यावा.

फ्रिजचं काय? फ्रोझन माल उणे 18 अंशात राहायला हवा. आपल्या एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा, दिवसातून पन्नास वेळा उघडणारं दार आणि जाणारी लाईट, यात ते जमत नाही. म्हणून महिन्याचा साठा नको. त्या दिवशी लागेल तेवढंच आणा आणि संपवा. कप्प्यात वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून द्या. गावाहून परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळलं होतं हे समजा. वितळून बाहेरच्या हवेत दोन तास राहिलेलं चिकन फेकायचंच. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात तर एक तासच धरा. दोनशे रुपयांचं पाकीट फेकताना जीव तुटतो, आम्हाला ठाऊक आहे. सलाईनचं बिल त्याहून मोठं असतं.

दुकानातला डीप फ्रीजर हा वेगळाच प्रश्न. आमच्या भागातला एक दुकानदार वीजबिल वाचवायला रात्री तो बंद करतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पाकिटात तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झालेला असेल, आत बर्फाचे मोठे खडे असतील, तर तो माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. घेऊ नका आणि का घेत नाही ते मोठ्याने सांगा.

आता पाकिटावरच्या अक्षरांविषयी. लेबलच्या 2020 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरे. मराठी छापणं कंपनीच्या मर्जीवर. जाहिरात मात्र मराठीत करता येते! मुंगीएवढ्या इंग्रजीत "कुक बिफोर ईटिंग" लिहायचं आणि आजारी पडल्यावर आईला अडाणी म्हणायचं, हे आम्हाला मान्य नाही. "आतून कच्चं आहे, पूर्ण शिजवूनच खा" एवढं एक वाक्य मराठीत, ठळक, पुढच्या बाजूला छापलं पाहिजे. तशी मागणी आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करणार आहोत.

त्यासाठी पाकिटं हवीत. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात घरातली रिकामी पाकिटं धुऊन घेऊन या. कुठे काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला ती चौदा वर्षांची मुलगी तयार झाली आहे.