किती दिवसांआड?

जून उजाडला की बदली होऊन आलेले बँकवाले, वाळूजला रुजू झालेले इंजिनिअर आणि विद्यापीठात प्रवेश घेतलेली मुले छत्रपती संभाजीनगरात दोन प्रश्न घेऊन फिरतात: घर कुठे बघावे आणि जेवायला कुठे जावे? उत्तरे तयार असतात. सिडको बरा, गारखेडा शांत, उस्मानपुरा मध्यवर्ती, बीड बायपासला फ्लॅट स्वस्त. मग आवाज खाली घेऊन एक सल्ला येतो, ‘आपल्या लोकांत बघा.’ चारशे वर्षांचा हिशेब मांडला, तर हाच सल्ला सर्वांत कच्चा ठरतो.

कारण या गावात ‘आपले’ म्हणजे कोण? १६१०मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवणारा मलिक अंबर मूळचा हबसाणातला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. पुढे मोगल आले आणि त्यांच्या सरदारांच्या छावण्यांभोवती पुरे वसले. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा, तर जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंहांचा. ‘आम्ही पिढीजात पदमपुऱ्याचे’ असे अभिमानाने सांगणारा खरे तर एका परगावच्या राजपुत्राच्या तळाचा पत्ता सांगत असतो. १६८२मध्ये औरंगजेबाने तटबंदी उभारली आणि आतले-बाहेरचे हा भेद दगडात बांधला गेला. तट पडले, तरी तो भेद घरभाड्याच्या बोलण्यात अजून शाबूत आहे.

पुढच्या लाटाही बाहेरूनच आल्या. १९००मध्ये रेल्वे आली आणि स्टेशनकडे वस्ती सरकली. १९५०मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले त्याच्या नागसेनवन परिसरात आली. १९७०च्या दशकात सिडकोने वसाहतींना नावांऐवजी एन-१, एन-२ असे क्रमांक दिले. १९८५मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि कामगारांच्या खोल्यांनी बजाजनगर भरले.

प्रत्येक लाटेने आपली चूलही आणली. नान-खलिया तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादला आला, असे जुने लोक सांगतात. कथा खरी असो वा नसो, पदार्थ मात्र फौजेला शोभेसाच आहे: एका डेगीत शेकडो माणसांचे मटण आणि भट्टीतून निघणारे नानचे ढीग. तो खायचा तर जुन्या शहरातच जावे लागते. इमरती गुलमंडीवर, जेवणानंतरचे पान उस्मानपुऱ्यात ‘तारा’कडे. आपल्याच कॉलनीच्या कोपऱ्यावर जेवणाऱ्याला या शहराची चव कळणार नाही. तेव्हा जेवणाबाबत आमचा सल्ला सरळ आहे: ज्या भागात घर घेऊ नका असे सांगितले जाते, तिथे आधी जेवून या.

घराचे मात्र निराळे. तिथे माणसांपेक्षा पाणी बघावे. मलिक अंबरने शहर वसवताना पाण्याचीही सोय पाहिली. डोंगराकडचे झरे जमिनीखालच्या नहरींतून, खापरी नळांतून, केवळ उताराच्या जोरावर गावात आणले. पाणचक्कीत तर त्याच युक्तीने आलेल्या पाण्यावर जाते फिरे आणि तिथल्या दर्ग्यात उतरणाऱ्यांचे पीठ दळले जाई. पाणी आणि पाहुणचार एकाच धारेवर चालत. आपण क्रम उलटा केला. सातारा-देवळाईत इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिनी मागे पडली. १९७६मध्ये जायकवाडी पूर्ण झाले. पैठणचे हे धरण जेमतेम पन्नास किलोमीटरवर, पण तिथले पाणी पंपाने वर चढवावे लागते. शहर वाढत गेले आणि ‘दररोज’चे ‘दिवसाआड’, पुढे ‘किती दिवसांआड’ होत गेले. २०२०मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पण योजनेचा आकडा घागरीत ओतता येत नाही.

महापालिकेने निदान एक करावे. कोणत्या वसाहतीला किती दिवसांआड आणि किती वेळ पाणी मिळते, याचा तक्ता दरमहा प्रत्येक वॉर्ड कार्यालयाबाहेर लावावा. मग दलालाला आडनाव विचारण्याऐवजी तक्ता दाखवावा लागेल.

तोवर घर पाहायला जाणाऱ्याने दिवाणखान्याची फरशी बघू नये. जिन्याखाली जावे, निळे ड्रम मोजावेत आणि शेजारणीला विचारावे, ‘मावशी, पाणी किती दिवसांआड येतं?’ ती जो आकडा सांगेल, तोच त्या वस्तीचा खरा पत्ता.