पेटीबरोबर माणूस हवा

शाळा-महाविद्यालयांतून शिकविण्याची साधने इतक्या झपाट्याने पालटत आहेत की, दहा वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी आज आपल्याच वर्गात जाऊन बसला तर त्यास क्षणभर चुकल्यासारखे व्हावे. काळ्या फळ्याच्या जागी उजेडाचा पडदा आला आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर चौकोनी ठिपक्यांची एक खूण छापलेली असते. तीवर मोबाईल धरला की तोच धडा चित्रांतून दिसू व ऐकू येतो. घरचा अभ्यास मोबाईलवर येतो आणि मोबाईलवरूनच परत जातो. यावर आमच्या जुन्या घरांतून दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते विद्येचा आता अंत झाला. दुसऱ्याच्या मते शिक्षकाची आता गरजच उरली नाही. आम्हांस ही दोन्ही मते उतावळी वाटतात. ज्या नगरीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो, त्या बडोद्याचाच अनुभव या बाबतीत पुष्कळ सांगण्यासारखा आहे.

साधन पालटले की विद्या बुडते, हे म्हणणे नवे नव्हे. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. पुढे दगडी पाटी आली, बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन झरणी आली. यांपैकी कशानेही विद्या बुडाली नाही. परंतु साधन पालटल्याने काहीच बिघडत नाही, असेही नव्हे. छापखाना आला तेव्हा त्यास बाळबोध लिपी सोयीची पडली. मोडीचे खिळे पाडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही; तथापि छापील पुस्तक म्हणजे बाळबोध हे समीकरण ठरून गेले. मोडी कारकुनाच्या हातापुरती उरली, आणि पुढे शाळेतून उठली तशी तेथूनही गेली. आज किती घरांतील ट्रंकांमध्ये पणजोबांच्या हातचे कागद पडून आहेत, आणि त्यांतील एक ओळ वाचील असा माणूस घरात नाही! छापखान्याने आपल्याला अमाप दिले हे खरेच. पण जे नेले त्याची दाद कोणी वेळेवर घेतली नाही. नव्या साधनाचा हिशेब मांडताना जमेबरोबर खर्चाची बाजूही लिहावी लागते, एवढाच याचा बोध.

आता बडोद्याकडे वळू. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सर्व राज्यास लागू केला, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्यापुढचा भाग मात्र तितकासा आठवला जात नाही. शाळेत शिकलेला मुलगा शाळा सुटल्यावर अक्षर विसरू नये, म्हणून महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास आणवून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. मध्यवर्ती ग्रंथालयातून लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी पाठविली जात. हीच ती फिरती ग्रंथालये. इतकेच नव्हे, तर त्या खात्यात दृश्यशिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, दुहेरी भिंगांतून पाहावयाची स्टिरिओस्कोपची चित्रे आणि हलती चित्रे दाखविण्याचे यंत्र ही सारी सामग्री घेऊन ही मंडळी गावोगाव जात व फुकट खेळ करीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही जग दिसावे, हा त्यामागचा हेतू. पडद्यावरून शिकविणे ही आजची टूम आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की बडोद्यात तिला शंभर वर्षे उलटून गेली.

परंतु आमच्या मते यातील खरी शिकवण निराळीच आहे. पेटी कधी एकटी जात नसे. गावात ती उतरवून घेणारा, पुस्तके देणारा, परत मागणारा, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास वाचून दाखविणारा कोणी जबाबदार माणूस लागे. बहुधा गावचा मास्तरच. गुजरातेत ग्रंथालयांची चळवळ ज्यांनी घराघरांत नेली ते मोतीभाई अमीन मुळात शिक्षक होते, हा केवळ योगायोग नव्हे. महाराजांची दृष्टी यंत्रावर होती, तितकीच यंत्र हाताळणाऱ्या माणसावर होती. म्हणूनच त्यांनी पुस्तकांबरोबर ग्रंथपाल तयार करण्याचा वर्गही काढला. आणि शिकणाऱ्याची भाषाही त्यांनी वाऱ्यावर सोडली नाही. 1890 साली कलाभवन निघाले तेव्हा प्राध्यापक गज्जरांचा आग्रह होता तो यंत्रविद्या व रसायनविद्या देशी भाषेतून शिकविण्याचा. राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ 1931 साली निघाला, त्यात मराठीला तिचे स्थान होते. साधन, माणूस आणि भाषा या तिन्ही गोष्टी एकदम पुढे नेल्या तरच शिक्षण पुढे जाते, हे सूत्र येथे शब्दांत न मांडताच आचरले गेले.

हेच सूत्र पुढे आमच्या शेजारीच पुन्हा सिद्ध झाले. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणीने शिक्षण देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात सकाळचे कार्यक्रम शाळेतील मुलांसाठी होते. त्याच प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचे धडे दिले गेले. म्हणजे यंत्र मुलांपुढे ठेवताना मास्तरास बाजूस सारले नाही. उलट त्याचा हात अधिक बळकट केला. त्याच सुमारास अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने खेडा जिल्ह्यात पीज येथून जे कार्यक्रम चालविले, ते त्या मुलखातील लोकांच्या प्रश्नांवर आणि त्यांच्याच बोलीच्या वळणाने केलेले असत. लोकांनी ते आपले मानले, यात नवल नाही.

आणि जेथे हे सूत्र सुटले तेथे काय होते, तेही आपण पाहिले आहे. मार्च 2020 मध्ये साथीमुळे देशभर शाळांची दारे बंद झाली आणि शिक्षण रातोरात मोबाईलवर गेले. त्या वेळी दुसरा उपाय नव्हता; ज्या शिक्षकांनी धडपडून वर्ग चालू ठेवले त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु एका घरात एक मोबाईल, तो वडिलांबरोबर कामावर जाणार, आणि मुले तीन, असा संसार जेथे होता तेथे शाळा म्हणजे संध्याकाळी मिळाली तर मिळणारी वस्तू झाली. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत 2018 साली शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी 36.5 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2021 साली हे प्रमाण 67.6 टक्क्यांवर गेले. तथापि घरी फोन असूनही ज्यांच्या हाती तो येत नव्हता अशी मुलेही सुमारे एक चतुर्थांश होती. पुढे फोन वाढले. 2024 च्या त्याच पाहणीत 14 ते 16 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी 82.2 टक्के मुलांस स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आदल्या आठवड्यात मात्र त्यावर अभ्यासाचे काही केलेली मुले 57 टक्के, तर गप्पागोष्टींच्या व चित्रफितींच्या माध्यमांवर रमलेली 76 टक्के भरली. पेटी घरोघर पोहोचली, पण तिच्याबरोबर माणूस गेला नाही, याचा हा हिशेब आहे. दोष मुलांचा नव्हे. आपणच त्यांच्या हाती बाजार दिला आणि त्यास वाचनालय म्हटले.

त्यातच नोव्हेंबर 2022 मध्ये सांगितले ते लिहून देणारे यंत्र सर्वांच्या हाती आले. निबंध, पत्र, प्रयोगाचा अहवाल, कवितेचे रसग्रहण, जे मागावे ते हे यंत्र क्षणार्धात देते. महाविद्यालयांतील प्राध्यापकमंडळी यामुळे गोंधळली आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, या यंत्राने उघडे पाडले ते आपले जुनेच वैगुण्य. मार्गदर्शकातील उत्तर घोकून ते उत्तरपत्रिकेत उतरविणे हे यंत्र नव्हते तेव्हाही चालत होते. तेव्हा यंत्राचे काम मुलाकडून करून घेतले जात होते इतकेच. आता ते काम यंत्रानेच उचलले, तर परीक्षेने तरी माणसाचे काम मागावे. वर्गात बसून हाताने लिहावयास लावावे. लिहिले ते तोंडाने समजावून सांगावयास लावावे. गुरूने दोन उलट प्रश्न विचारावे. तोंडी परीक्षा आपल्या परंपरेस परकी नाही. पाठशाळेतील विद्यार्थ्याची विद्वत्ता वादातच कसास लागे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच यंत्रावर खर्चावयाचा पैसा थोडा शिक्षकांची संख्या वाढविण्यावर खर्चावा, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. युनेस्कोच्या 2023 च्या शिक्षणविषयक अहवालाचा रोखही हाच होता: यंत्राने शिक्षकास साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये.

इथवर झाले ते सर्वांचे. आता आपल्या घरचे बोलू.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांना या बदलात जो लाभ आहे तो महाराष्ट्रातल्या घरांस नाही, आणि जो धोका आहे तोही नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपली बहुतेक मुले आज इंग्रजी किंवा प्रांतभाषेच्या शाळेत जातात. ते अपरिहार्य आहे आणि त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. पूर्वी अशा मुलास मराठी शिकवावयाचे तर पुस्तक पुण्याहून मागवावे लागे. आज बालभारतीची पाठ्यपुस्तके घरबसल्या, एक पैसाही न देता उतरवून घेता येतात. जुने दुर्मीळ मराठी ग्रंथ, नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका, व्याख्याने, सारे हाताशी आहे. आमच्या आजोबांना हे सांगितले असते तर त्यांना ती थट्टा वाटली असती.

तरीही मराठी घराघरांतून ओसरत आहे, कारण पुस्तक जवळ असणे आणि भाषा येणे यांत अंतर आहे. आमच्या मुलांना शाळेतील हिंदीमुळे देवनागरी अक्षरे वाचता येतात. परंतु ‘त्याचा’ यातील च आणि ‘त्याची’ यातील च निराळा, हे कोणत्याही अक्षरावरून कळत नाही. ‘जरा थांब’ म्हणताना जो ज येतो तो निराळा, आणि वार्धक्य या अर्थाच्या ‘जरा’ या शब्दातील ज निराळा. लिहिताना दोन्ही सारखेच. हा भेद आजीच्या तोंडून कानात पडावा लागतो. आणि मुलाने चुकीचा उच्चार केला म्हणजे हसून, पण तेथल्या तेथे, तो सुधारणारे कोणी जवळ असावे लागते. मावशी, आत्या, मामी, काकू या चौघींचा ‘आंटी’ या एका शब्दात कोंडमारा झाला की यंत्र त्यास हरकत घेत नाही. आजी घेते. तोच तिचा शिक्षक म्हणून अधिकार आहे. आणि आज ती एका खोलीत तिच्या फोनवर कीर्तन ऐकते, नातू दुसऱ्या खोलीत त्याच्या फोनवर खेळ खेळतो, असे चित्र घरोघर दिसते. दोघांजवळ पेटी आहे. मध्ये माणूस नाही.

यावर आमची एक साधी सूचना आहे. आपल्या शहरांतून महाराष्ट्र मंडळे आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सवाचे मंडप आहेत. या संस्थांनी फोन वाटण्याच्या किंवा मोठे पडदे विकत घेण्याच्या भरीस न पडता आठवड्यातून एक संध्याकाळ राखावी. एक संगणक पुरे. त्यावर बालभारतीचे पान उघडावे, मुलांनी ते आळीपाळीने मोठ्याने वाचावे, आणि दोन निवृत्त मास्तर किंवा दोन आज्या जवळ बसून ऐकाव्यात. वाचून झाल्यावर मुलाने त्यातील गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. ती ध्वनिमुद्रित करून त्यालाच पुन्हा ऐकवावी. ज्या वृद्धांस मोडी येते त्यांचे वाचनही असेच मुद्रित करून ठेवावे, म्हणजे ट्रंकेतले कागद निदान मुके राहणार नाहीत. यास फार पैसा लागत नाही; वेळ लागतो, आणि तो देणारी माणसे आपल्यात आहेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्या आनंदाची परतफेड अशीच करता येईल.

सयाजीराव महाराजांनी खेड्याकडे पेटी धाडली, तेव्हा ती उघडणारा कोणी तेथे आहे की नाही, याची चौकशी केली होती. आज पेट्या फार स्वस्त झाल्या आहेत. उघडून देणारा आणि शेजारी बसणारा माणूस मात्र महाग होत चालला आहे. ती जागा शाळेत शिक्षकाने आणि घरी वडीलधाऱ्यांनी भरली, तर यंत्राचे भय बाळगण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.