जेन वॉर्टनची साक्ष

बड्या घरातल्या बाईची खासगी पत्रे म्हणजे मेजवान्या, टोप्या आणि कुचाळक्या, ही समजूत अजून गेलेली नाही. लेडी कॉन्स्टन्स लिटन यांची पत्रे ती मोडून काढायला पुरेशी आहेत.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची ही मुलगी १८६९ साली जन्मली. बालपणाची काही वर्षे हिंदुस्थानात गेली. आई व्हिक्टोरिया राणीच्या परिवारात होती, बहिणीचा दीर आर्थर बाल्फोर पंतप्रधान झाला. स्वतः कॉन्स्टन्स मात्र बुजऱ्या, अविवाहित, तब्येतीने नाजूक. १९०८ मध्ये लिटलहॅम्प्टनला कत्तलखान्याच्या वाटेवरून निसटलेली एक म्हातारी मेंढी त्यांना दिसली. भोवतीचे लोक तिला हसत होते. बायकांची अवस्था आपल्याला तिथे कळली, असे त्या लिहितात. लवकरच त्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या. फेब्रुवारी १९०९ मध्ये संसदेवरच्या मोर्चाला जाताना त्यांनी आईला पत्र लिहिले. अटक होणार हे ठाऊक होते, आईला यातना होणार हेही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या तुरुंगात त्यांनी उपोषण केले. डॉक्टरांनी हृदय तपासले आणि दोन दिवसांत सोडून दिले. इतर बायकांच्या नशिबी ही दया नव्हती. मग जानेवारी १९१० मध्ये लिटनबाईंनी केस कापले, बेंगरूळ टोपी घातली, चष्मा लावला आणि ‘जेन वॉर्टन’ नावाची शिवणकाम करणारी बाई बनून लिव्हरपूलमध्ये अटक करून घेतली. वॉल्टन तुरुंगात जेनचे हृदय कोणी धड तपासलेच नाही. तोंडात लोखंडी अडणी घालून, घशातून नळी उतरवून, तिला आठ वेळा बळजबरीने अन्न भरवले. पहिल्या वेळी उलटी झाली, तेव्हा डॉक्टरने जाताना तिच्या गालावर चापट मारली.

शरीर तेच, कायदा तोच. नाव बदलले आणि वागणूक बदलली. याहून सज्जड पुरावा कोणता? तरीही गृहखात्याने पक्षपाताचा आरोप नाकारला.

हे वाचताना मराठी वाचकाला १८७७ आठवल्यावाचून राहत नाही. कॉन्स्टन्सच्या वडिलांच्याच कारकिर्दीत दख्खनच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. इतक्यात मजूर जगणार नाही, असे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला वारंवार लिहिले. भुकेल्या माणसाचे म्हणणे सरकारदरबारी हलकेच भरत होते. वॉल्टनमध्ये मुलीला तोच दरबार आतून दिसला.

म्हणूनच या कागदांचे गुणगान करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. जेनसारख्या हजारोंना पत्रे जपून ठेवणारे घर नव्हते, पत्रव्यवहार संपादित करणारी बहीण नव्हती. कॉन्स्टन्स यांना दोन्ही होते, आणि आपल्याला ते फुकट मिळाले आहे याची त्यांना लाज वाटत होती. त्या लाजेतूनच जेन जन्मली.

१९१२ मध्ये पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. तुरुंगाच्या आठवणींचे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले. ते १९१४ मध्ये निघाले. बहीण बेटी बाल्फोर यांनी निवडलेली पत्रे १९२५ मध्ये आली, लेखिकेच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. पुस्तकात करारी सैनिक भेटते, पत्रांत आईला दुखावताना कासावीस होणारी मुलगी. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, आणि कोणी तरी ती मराठीतही आणावीत.