बघून सांगू का?

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ, वालधुनीच्या कडेला (तिला नदी म्हणायला हल्ली थोडा धीर लागतो), संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमचं मंडळ भरतं. मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही आणि शंकराच्या कृपेनं अध्यक्षही नाही. विषय मात्र ठरलेले. गाणं आणि क्रिकेट. राजकारण आम्ही केव्हाच बंद केलं, कारण कोणता पुढारी सध्या कोणत्या पक्षात आहे हे दर सहा महिन्यांनी नव्यानं पाठ करावं लागायचं. रक्तातल्या साखरेला सुरुवातीची पाच मिनिटं दिलेली आहेत. त्यानंतर जो साखरेचं नाव काढील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, साखर घातलेला.

मंडळात ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, वय वर्षं ब्याऐंशी. एकेकाळी विम्कोत आगपेट्यांच्या हिशेबात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ आहेत आणि ते अजूनही चटकन पेट घेतात. एक बँकवाले आहेत. आणि उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून रिक्षानं येणारे कापडवाले साईं आहेत. साईंचं मराठी आमच्या सिंधीपेक्षा बरं आहे, म्हणजे त्यांना ते येतं. भारत पहिली कसोटी खेळला ती १९३२ साली, लॉर्ड्सवर. सलामीला कोण उतरलं? जनार्दन नवले आणि नाऊमल जेऊमल. एक मराठी, एक सिंधी! तेव्हापासून अंबरनाथ-उल्हासनगरची भागीदारी सुरू आहे असं साईंचं म्हणणं, आणि ते खोडून काढायची आमची इच्छा नाही.

आता आमच्या चर्चेची पातळी सांगतो. बँकवाल्यांच्या मते सचिन तेंडुलकर हा मुळात क्रिकेटचा विषयच नव्हे, तो संगीताचा. का? तर त्याच्या वडिलांनी, कवी रमेश तेंडुलकरांनी, त्याचं नाव ठेवलं ते सचिनदेव बर्मनवरून. यावर विम्कोवाले उसळतात. त्यांचा देव गावसकर. १९७५ च्या विश्वचषकात हा देव लॉर्ड्सवर पूर्ण साठ षटकं उभा राहिला आणि नाबाद ३६ धावा करून परत आला. जगानं त्याबद्दल त्याला नावं ठेवली. विम्कोवाले म्हणतात, "जगाला विलंबित कळत नाही त्याला सुनील काय करणार? तराणा ऐकायची सवय लागलेली माणसं!" शिवाय गावसकरनं मराठीत गाणं म्हटलंय, तुमच्या सचिननं म्हटलंय का? बँकवाले गप्प. मग ते लताबाईंना मैदानात उतरवतात. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या पोरांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडं पैसे नव्हते. लताबाई दिल्लीला गेल्या, गायल्या आणि प्रत्येक खेळाडूच्या हातावर लाख रुपये पडतील अशी व्यवस्था झाली. "त्या संघात शेवटपर्यंत नाबाद राहिलेली एकच व्यक्ती," बँकवाले म्हणतात, "आणि ती ओपनिंगला आली नव्हती!" या वाक्याचा अर्थ आजवर कुणालाही लागलेला नाही. पण टाळी मिळते.

असे वाद पंधरा वर्षं चाललेत. एकाचाही निकाल लागलेला नाही. लागला असता तर सोळाव्या वर्षी आम्ही काय वालधुनीकडं बघत बसलो असतो?

आणि अशा या सुखी संसारात ते वाक्य शिरलं. "बघून सांगू का?"

वाचकहो, तुम्हीही हे ऐकलं असेल. माणूस रंगात आलेला असतो. हात हवेत असतो, चेंडू त्याहून वर. ऐकणाऱ्यांचे डोळे चेंडूवर. आणि एवढ्यात कुणीतरी खिशात हात घालतो, चष्मा कपाळावर चढवतो, मोबाइल नाकापाशी धरतो आणि अत्यंत नम्रपणे विचारतो, "एक मिनिट हं, बघून सांगू का?" चेंडू तिथंच हवेत राहतो. तो आजतागायत खाली आलेला नाही. चार सेकंदांनी तो गृहस्थ सांगतो, "नाही हो, तो सामना कानपूरला होता." झालं. बोलणारा म्हणतो, "असेल, असेल." यानंतर त्या संध्याकाळी फक्त साखरेवर बोलता येतं.

माझा या जमातीवर सरळ आरोप आहे. यांना गप्पा आणि साक्ष यांतला फरक कळत नाही. साक्ष द्यायला माणूस पिंजऱ्यात उभा राहतो, गप्पा मारायला कट्ट्यावर बसतो. आसनातच फरक आहे! आपल्याला निंबाळकरांच्या धावा किती हे माहीत व्हावं म्हणून कुणी निंबाळकरांची गोष्ट सांगत नाही. गोष्ट सांगणारा आपल्याला त्या मैदानावर शेजारी बसायला जागा देत असतो. तिथं जाऊन त्याच्याकडं तिकीट मागायचं?

"म्हणजे काय, खोटं बोलायचं का?" असं मला एका तरुणानं विचारलं. बाबा रे, अजिबात नाही. वर्तमानपत्रात खोटं नको, पाठ्यपुस्तकात नको, औषधाच्या बाटलीवर तर नकोच नको. पण गंमत बघ. सकाळी घरच्या ग्रुपवर निरोप येतो की अमुक पाल्याचा रस प्याला की हृदयातले अडथळे विरघळतात. तो कुणी "बघून सांगू का?" म्हणून तपासतो? छे! हात जोडल्याची चार चित्रं टाकून तो पुढं बारा जणांना पाठवतो. ज्यानं माणूस मरेल ते तपासायचं नाही आणि ज्यानं माणसाची संध्याकाळ बरी जाईल ते मात्र चिमट्यानं धरून उजेडात बघायचं, हा कुठला सत्यशोध?

आणि हे कुठं चाललंय, तर शिवमंदिराच्या सावलीत. या मंदिरात शिलालेख आहे. शिलाहार राजा माम्वाणि, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. दगडात कोरलेला पुरावा! आता गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा तो शके ७८२ चा ठरला होता. एका आकड्याच्या वळणात दोनशे वर्षं गेली आणि पुढं दुसऱ्या विद्वानांनी ती परत आणली. आमचे काका फार तर पाच वर्षांनी चुकतात.

शिवाय महाशिवरात्रीला लाखांनी लोक इथं येतात. त्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, हे देऊळ कुणी बांधलं? ती सांगेल, पांडवांनी, एका रात्रीत. उजाडलं म्हणून शिखर राहून गेलं. आणि नातू वर बघतो, गाभाऱ्यावर उघडं आभाळ दिसतं, त्याला पटतं. तिथं कुणी आजीला शके ९८२ दाखवत नाही. दाखवावं असं वाटणाऱ्यानं रांगेत मागं उभ्या असलेल्या इतर आज्यांकडं एकदा पाहून घ्यावं.

रसिकांच्या बोलण्याची परंपराच अशी आहे हो. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन कंपन्या एकत्र आल्या, तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला. शंभर रुपये, १९२१ चे! लोक नाटक बघायला गेले नव्हते, मॅच बघायला गेले होते. गंधर्ववाले एकीकडं, केशवरावांचे दुसरीकडं. तीनच महिन्यांत केशवराव गेले, परतीचा सामना झालाच नाही. त्या रात्री कोण जिंकलं? शंभर वर्षं झाली, अजून भांडण चालू आहे. ध्वनिमुद्रण नाही, हे आपलं केवढं भाग्य! असतं तर कुणीतरी खिशात हात घातला असता.

इतकं तावातावानं लिहितोय, तेव्हा एक गोष्ट कबूल करून टाकतो. आमच्या मंडळात ते वाक्य पहिल्यांदा मीच उच्चारलं.

सूनबाईंनी नवा मोबाइल दिला होता आणि बोटानं ढकललं की जग पुढं सरकतं याची मला नवलाई होती. काका त्यांची ठेवणीतली गोष्ट सांगत होते. ही आम्ही पन्नासदा ऐकलेली. १९४८ चा डिसेंबर, पुणं, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आलेला. आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले आम्ही आता खेळत नाही. सामान बांधलं आणि चालते झाले! इथं काका उभे राहतात आणि ठाकूरसाहेबांसारखे चार पावलं चालून दाखवतात. प्रथम श्रेणीत आजही कुठल्याही भारतीयाच्या धावा त्याहून जास्त नाहीत, आणि या माणसाला एकही कसोटी मिळाली नाही. इथं विम्कोवाले पेट घेतात. आणि मग काकांचा शेवट: "मी वडिलांच्या खांद्यावर होतो. पाच वर्षांचा. तिथनं तसेच आम्ही संध्याकाळी सवाई गंधर्वला गेलो, भीमसेनला ऐकायला. एका दिवसात दोन्ही! असा दिवस पुन्हा नाही."

मी म्हटलं, "काका, बघून सांगू का?"

आणि बघितलं. आणि सांगितलं. सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला १९५३ साली. सवाई गंधर्व स्वतः गेले तेच मुळी १९५२ साली. १९४८ ला त्यांचा पुण्यतिथी उत्सव होणार कसा? मी हसलोसुद्धा. दुसरं कुणी हसलं नाही. काका म्हणाले, "असेल, असेल," आणि पिशवी उचलून रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी निघाले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. आठवडा गेला. गुडघा दुखतोय असा निरोप आला. साईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी त्यांच्या दुकानातलं कापड फाडलंय. साईंच्या आजोबांनी सिंधमध्ये भगत कंवररामांना समोर बसून ऐकलं होतं, ही त्यांची ठेवणीतली गोष्ट. ती त्यांनी त्या आठवड्यात एकदाही सांगितली नाही. माझा मोबाइल खिशात होता ना!

शेवटी मी एकटाच काकांकडं गेलो. गुडघा ठणठणीत होता. दार उघडायला तेच आले. चहा झाला, साखरेवर पाच मिनिटं झाली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. मी हिशेब करून पाहिला. सवाईला मी दहा वर्षांचा असणार. दहा वर्षांचा मुलगा काय बापाच्या खांद्यावर बसतो?" थोडा वेळ ते पंख्याकडं बघत राहिले. "वडील खडकीला कारखान्यात. पाळ्या असायच्या. माझ्याबरोबर बाहेर पडले, फक्त माझ्याबरोबर, असे दोनच दिवस मला आठवतात. ते लांब लांब ठेवले ना, की फार थोडे वाटतात."

मी मोबाइलचा उपयोग वेळ बघण्यासाठी केला आणि निघालो.

सोमवारी काका आले. कुणी काही विचारलं नाही. बँकवाल्यांनी लताबाईंना दिल्लीला पाठवून परत आणलं, विम्कोवाल्यांनी सुनीलला साठ षटकं उभं केलं. मग साईंनीच विषय काढला, "काका, वो निंबाळकरवाला सांगा ना, बहुत दिन झाला." काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले.

काका उभे राहिले. ठाकूरसाहेबांची चार पावलं चालले. सामना संपला. मग घसा साफ करून म्हणाले, "आणि मग पाच वर्षांनी, त्याच दिवशी संध्याकाळी, वडील मला भीमसेनला ऐकायला घेऊन गेले."

"काय गायले?" साईंनी विचारलं.