फोटो काढायला मनाई, पण कोणाची?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की भनपुरी येते. कारखाने, गोदामे, मालमोटारींच्या रांगा आणि त्यांना चिकटून वसलेल्या वस्त्या. समजा, इथल्या एखाद्या गृहिणीने सकाळी दोरीवर घातलेले कपडे संध्याकाळी काढले, तर त्यांवर काळी भुकटी. तक्रार करायची तर पुरावा हवा, म्हणून रस्त्यावर उभी राहून तिने समोरच्या धुराड्याचा मोबाईलवर फोटो काढला. तेवढ्यात फाटकावरचा चौकीदार धावत आला. “फोटो लेना मना है! डिलीट करो!”

प्रसंग कल्पनेतला आहे, पण प्रश्न खरा आहे. तिने निमूटपणे फोटो पुसून टाकावा, की ‘कोणत्या कायद्याने मनाई आहे?’ असे विचारावे?

तिने विचारावे. कारण सार्वजनिक जागी फोटो काढण्यास सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्या देशात नाही. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही जे उघड्या डोळ्यांनी दिसते, त्याचा फोटो काढणे हा एरवी गुन्हा होत नाही. फाटकाच्या आत मात्र मालकाचा शब्द चालतो. तिथे तो कॅमेरा बाहेर ठेवायला सांगू शकतो.

मग ‘मनाई आहे’ हे शब्द इतक्या सहजपणे तोंडी येतात कुठून? त्यामागे बहुतेक वेळा १९२३ सालच्या शासकीय गुपिते अधिनियमाची धास्ती असते. इंग्रजांनी केलेला हा कायदा आजही लागू आहे. ‘निषिद्ध स्थळा’चे चित्र किंवा नकाशा देशाच्या सुरक्षिततेला बाधा आणण्याच्या हेतूने काढणे हा त्यात गंभीर गुन्हा आहे. संरक्षणविषयक बाबतीत तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. पण निषिद्ध स्थळ म्हणजे काय, हेही त्याच कायद्यात सांगितलेले आहे. लष्कराची ठाणी, नौदल व हवाई दलाचे तळ, शस्त्रागारे, दारूगोळ्याचे कारखाने अशा जागा त्यात येतात. इतर सरकारी जागा निषिद्ध ठरवायची, तर केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते आणि तिची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत त्या जागी लावावी लागते. कोणाच्या तरी मनात आले, म्हणून एखादी जागा निषिद्ध होत नाही.

हा मुद्दा न्यायालयात कसोटीला लागला तो वर्ध्याच्या एका प्रकरणात. २०१८ साली शेजाऱ्याशी झालेल्या वादातून एक गृहस्थ पोलीस ठाण्यात गेले होते. तिथले बोलणे ते मोबाईलवर चित्रित करीत असल्याचे पोलिसांच्या लक्षात आले आणि त्यांच्यावर थेट शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. शेजाऱ्यांच्या भांडणातून हेरगिरीचा आरोप! तो धुऊन निघायला चार वर्षे गेली. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केले की निषिद्ध स्थळाच्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही. सबब गुन्हा रद्द झाला.

याचा अर्थ कॅमेरा कुठेही रोखावा असा मात्र नव्हे. विमानतळावर व विमानातून फोटो काढण्यावर १९३७ च्या विमान नियमांनी बंधने घातली. २००४ च्या आदेशाने प्रवाशांना विमानात फोटो काढण्याची मुभा मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये अभिनेत्री कंगना राणावत चंडीगढहून मुंबईला येत असताना विमानात वार्ताहरांची झुंबड उडाली, तेव्हा विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना तंबी दिली. पाठोपाठ खुलासाही केला की जागेवर बसून फोटो काढायला हरकत नाही, गोंधळ मात्र चालणार नाही. पुण्याच्या लोहगावसारख्या, हवाई दलाच्या तळावरून चालणाऱ्या विमानतळांची गोष्ट वेगळी. तिथे सूचना झाली की फोन खिशात ठेवावा हेच बरे.

काही बंधने वस्तू जपण्यासाठी असतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशभरच्या संरक्षित स्मारकांत फोटोची मोकळीक जाहीर केली, तेव्हा अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य कबरीची जागा त्यातून वगळली. काही बंधने जीव वाचवण्यासाठी असतात. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या समुद्रकिनाऱ्यावर सेल्फी काढताना एक तरुणी बुडाली. तिला वाचवायला धावलेल्या माणसाचाही जीव गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातल्या धोक्याच्या जागा हेरून तिथे सेल्फीला मज्जाव केला. तिथे ‘कोणता कायदा?’ म्हणून हुज्जत घालण्यात शहाणपण नाही.

आणि काही बंधने माणसासाठी असतात. जून २०२५ मध्ये छत्तीसगढ शासनाने सरकारी रुग्णालयांतील वार्तांकनावर निर्बंध घालणारा आदेश काढला. रायपूरचे पत्रकार खवळून उठले आणि शासनाला पाऊल मागे घ्यावे लागले. पत्रकारांचा राग रास्त होता, पण खाटेवरच्या रुग्णालाही लाज, दुःख आणि अब्रू असते हे विसरून कसे चालेल? स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची कैद आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा तर वेगळा गुन्हा, मग तिचा फोटो भर रस्त्यात काढलेला का असेना. घरात मुलांच्या हाती फोन देताना एवढे तरी त्यांच्या कानावर घालायलाच हवे.

आता पुन्हा भनपुरीच्या त्या गृहिणीकडे. फोन हिसकावण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा कोणताही अधिकार चौकीदाराला नाही. पोलीस आले, तर तपासासाठी ते फोन जप्त करू शकतात, पण त्याची रीतसर नोंद करावी लागते. जागच्या जागी ‘पुसून टाका’ म्हणणे ही कायद्याने सांगितलेली रीत नव्हे. गंमत अशी की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण करणे पोलिसांवरच बंधनकारक केले आहे.

तिने एवढेच करावे. रस्ता सोडून आत पाऊल टाकू नये, आवाज चढवू नये, कोणाच्या कामात अडथळा आणू नये. फोटोची एक प्रत लगेच घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवावी. तारीख, वेळ आणि जागा कागदावर टिपावी. मग तो कागद आणि फोटो जोडून छत्तीसगढ पर्यावरण संरक्षण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

पुसलेल्या फोटोने कपड्यांवरची काजळी पुसली जात नाही. ती पुसायची, तर पुरावा जपून ठेवावा लागतो.