गाडी आपली, पान्याचा हक्क कुणाचा?

शोरूमच्या सर्व्हिसिंगचं बिल कधी ओळ न् ओळ वाचलंय? एसीच्या फिल्टरचे पैसे वेगळे, तो बदलायची मजुरी वेगळी. अहो, बहुतेक छोट्या गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्पा काढा, जुना ओढा, बाणाची दिशा बघून नवा सरकवा. दहा मिनिटांचं काम. वायपरला तर पानाही लागत नाही. ब्रेक आणि एअरबॅगला मात्र हात लावू नका, ते मेकॅनिकचंच काम.

'बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल', हे काउंटरवरचं पाठ केलेलं वाक्य. (शिकलेली माणसं याला जास्त घाबरतात!) २०१४ साली स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना न देण्यावरूनच. सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच, असंही त्या आदेशात आहे. कंपन्या अपिलात गेल्या, ग्राहकाला कुणी सांगितलंच नाही.

वॉरंटीची भीती घातली की लेखी मागा. मी मागितलंय, अजून आलेलं नाही.